पॅड मिळाले, पण संडासाला कडी आहे का?

सप्टेंबर २०१९ मधील घटना आहे. केनियाच्या बोमेट भागातील एका खेड्यात १४ वर्षांच्या शाळकरी मुलीला वर्गातच पाळी आली. जवळ पॅड नव्हते. गणवेशाला डाग पडला. तिच्या आईने नंतर सांगितले त्याप्रमाणे शाळेत तिला 'घाणेरडी' म्हटले गेले आणि वर्गाबाहेर काढले गेले. मुलगी घरी आली, आईला सगळे सांगितले आणि त्यानंतर तिने आपले जीवन संपवले. गावातील आयाबाप शाळेवर चालून गेले तेव्हा पोलिसांनी त्यांच्यावर अश्रुधूर सोडला.

भगिनींनो, या मुलीच्या देशात कायदा नव्हता असे नाही. केनियाने २००४ मध्येच पॅडवरील व्हॅट काढला होता. २०१७ मध्ये तर शिक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती करून सरकारी शाळेतील वयात आलेल्या प्रत्येक मुलीला पुरेसे आणि चांगले पॅड मोफत द्यायचे, ती शासनाची जबाबदारी, असे लिहून ठेवले. कायद्यात पॅड होते, मुलीच्या दप्तरात नव्हते. आणि समजा दप्तरात असते, तरी डाग पडलेल्या मुलीला वर्गाबाहेर काढणारी नजर त्या पॅडने बदलली असती का?

आफ्रिकेतील मुलींच्या शिक्षणाबद्दल बोलताना हल्ली सगळीकडे एकच चित्र दाखवतात. हसणारी मुलगी, हातात पॅडचे पाकीट, मागे शाळा. खाली लिहिलेले असते की पाळीमुळे दहातील एक मुलगी शाळा चुकवते, तुम्ही पाकीट द्या, ती शाळेत येईल. हा दहात एकीचा आकडा इतक्या ठिकाणी छापून आला आहे की तो खराच असणार असे वाटते. पण माग काढत गेले की त्यामागे पक्की मोजणी हाती लागत नाही, एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिलेले सापडते. शिवाय आफ्रिका म्हणजे काही एक जिल्हा नव्हे. तिथे ५४ देश आहेत. इथिओपियाच्या डोंगरातील मुलगी, युगांडातील केळीच्या बागांमधली मुलगी आणि मलावीच्या तळ्याकाठची मुलगी, तिघींची अडचण एकाच आकड्यात कशी बसेल?

माझे म्हणणे पॅड देऊ नका असे नाही. जरूर द्या. पण पॅड दिले की काम संपले, हे मला मान्य नाही. आणि 'हजेरी वाढली तरच पॅड', हे तर मुळीच मान्य नाही.

आधी त्या मुलीचा दिवस कसा जातो ते पाहू. खेड्यातील शाळा बऱ्याचदा काही किलोमीटर लांब असते. मुलगी उजाडता निघते आणि पायी जाते. पॅड असो की कापडाची घडी, चार ते सहा तासांनी बदलायला हवी. नाही बदलली तर मांड्या घासून सोलवटतात, खाज सुटते, वास येतो आणि तो आपल्या शेजारणीला येईल या धास्तीने ती आखडून बसते. बदलायची तर कुठे? संडास आहे, पण खड्ड्याचा. दार आहे तर आतून कडी नाही. पाणी असलेच तर अंगणातील टाकीत, म्हणजे सगळ्यांसमोरून डबा भरून न्यायचा. वापरलेले पॅड टाकायला डबा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातील अवघ्या ३१ टक्के शाळांमध्ये मुलींच्या संडासात असा डबा आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हे प्रमाण ११ टक्के आहे. मग मुलगी ते पॅड कागदात गुंडाळून, दप्तरात वह्यांच्या खाली दडवून घरी आणते, किंवा संडासाच्या खड्ड्यात टाकते. खड्डा लवकर भरतो, आणि मग 'मुलींमुळे संडास तुंबला' म्हणून पुन्हा मुलींनाच बोल.

आणखी एक साधी गोष्ट शहरात बसून पाकिटे वाटणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. पॅड चिकटवायला अंगात निकर लागते. कित्येक गरीब घरांतील मुलींकडे धड निकरच नसते. म्हणूनच ज्या संस्था खेड्यात टिकून काम करतात त्या पॅडसोबत निकर आणि साबणाची वडीही देतात.

दुखण्याबद्दल तर कोणीच बोलत नाही. पाळीत ओटीपोट आणि कंबर दुखते, काही मुलींना उलट्या होतात, उभे राहवत नाही. अशी मुलगी घरी राहिली तर कारण पॅडचा अभाव नसतो, दुखणे असते. साध्या वेदनाशामक गोळीने, ती जेवणानंतर आणि योग्य प्रमाणात घेतली तर, बहुतेकींना शाळेत बसण्याइतका आराम पडतो. गरम पाण्याची बाटली पोटाशी धरली तरी बरे वाटते. पण किती शाळांमध्ये ती गोळी ठेवलेली असते? दर महिन्याला लोळावे लागण्याइतके दुखत असेल, पाळी सात दिवसांहून जास्त चालत असेल, किंवा तासादोन तासाला पॅड भिजत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. आफ्रिकेच्या मोठ्या भागात मलेरिया आहे, पोटात आकडी कृमी आहेत. दोन्हींनी अंगातील रक्त आधीच कमी झालेले असते, त्यात पाळीत जास्त अंगावर गेले की मुलगी पांढरी पडते, चार पावले चालून दमते, वर्गात डोळे मिटतात. मास्तर म्हणतात, आळशी आहे. लोहाची गोळी आणि जंताची गोळी ही सुद्धा पाळीच्या आरोग्याचीच गोष्ट आहे, पण तिचा फोटो चांगला येत नाही.

आता अभ्यासकांनी काय पाहिले ते सांगते. युगांडातील कामुली जिल्ह्यात ८ शाळांमध्ये ११२४ मुलींवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. काही शाळांत धुऊन वापरायचे कापडी पॅड दिले, काही शाळांत वयात येण्याविषयी नीट शिकवले, काही शाळांत दोन्ही केले आणि काही शाळांत काहीच केले नाही. काळ जाईल तशी हजेरी सगळीकडेच घसरली, पण जिथे काहीच केले नाही तिथे ती सरासरी १७ टक्क्यांनी जास्त घसरली. आता लक्ष द्या. जिथे फक्त शिकवले, एकही पॅड दिले नाही, तिथेही हजेरी जवळजवळ तितकीच सावरली. म्हणजे आपल्या अंगात काय होते आहे, हे रक्त कशाचे, हा आजार नाही, शाप नाही, एवढे कोणीतरी धडपणे सांगितले की मुलगी शाळेत यायला धजावते.

दुसरा अभ्यास पश्चिम केनियातील सियाया भागातला, तोही २०१६ मध्ये छापला गेला. ३० शाळा, ६४४ मुली. काहींना पाळीचा कप दिला, काहींना पॅड, काहींना नेहमीचीच व्यवस्था. कप म्हणजे मऊ सिलिकॉनची छोटी वाटी, आत बसवायची, भरली की रिकामी करून धुवायची, पाळी संपली की उकळून ठेवायची. एक कप कैक वर्षे चालतो. शाळा सोडणाऱ्या मुलींच्या प्रमाणात तिन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. ज्यांना फक्त हजेरीचा आकडा हवा होता ते इथेच निराश झाले. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. शरीरसंबंधातून होणारे संसर्ग नेहमीच्या गटात ७.७ टक्के मुलींमध्ये आढळले, कप आणि पॅडच्या गटांत सुमारे साडेचार टक्के किंवा त्याहून कमी.

पॅडचा आणि अशा संसर्गाचा काय संबंध, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर कडू आहे. त्याच पश्चिम केनियातील ग्रामीण भागात आधी झालेल्या एका पाहणीत १५ वर्षांच्या मुलींपैकी १० टक्के मुलींनी सांगितले होते की पॅडसाठी पैसे मिळावेत म्हणून त्यांनी पुरुषाशी संबंध ठेवले. आईजवळ मागायची सोय नाही, कारण आईजवळच पैसे नाहीत. बापाशी हा विषय बोलायचा नाही. मग मोटारसायकलवाला, दुकानदार, कोणीतरी 'मदत' करतो. पाकीट काही रुपयांचे, पण त्याबदल्यात गरोदरपण किंवा एचआयव्ही पदरी येऊ शकते. अशा मुलीला वाईट वळणाची म्हणणे सोपे आहे. मी तिला वाईट म्हणणार नाही. तिच्यापुढे जे दोन रस्ते ठेवले ते दोन्ही तिने निवडलेले नव्हते.

म्हणून मला त्या हजेरीच्या हिशोबाचा राग येतो. पॅड दिल्याने हजेरी वाढली नाही, सबब पॅडवरचा खर्च वाया, असे म्हणणारे शहाणे लोक आहेत. शाळेत बाक ठेवले म्हणून हजेरी वाढते का, हे कोणी मोजून बाक ठेवतो का? शिक्षकांच्या संडासाला दार लावताना त्यांची हजेरी किती टक्के वाढेल असे कोणी विचारले? माणसाला बसायला जागा लागते, आडोसा लागतो, म्हणून देतो. मुलीने आपले रक्त टिपायची सोय मागितली की तिला आधी फायदा सिद्ध करून दाखवावा लागतो.

सरकारांचे वागणे पाहिले तर तिथेही तोच हिशोब. युगांडात २०१६ च्या निवडणुकीच्या प्रचारात अध्यक्ष योवेरी मुसेवेनी यांनी शाळकरी मुलींना मोफत पॅड देण्याचे आश्वासन दिले. निवडणूक जिंकली. फेब्रुवारी २०१७ मध्ये शिक्षणमंत्री जॅनेट मुसेवेनी, म्हणजे अध्यक्षांच्याच पत्नी, यांनी संसदेला सांगितले की त्यासाठी पैसे नाहीत. मकेरेरे विद्यापीठातील संशोधक स्टेला न्यांझी यांनी लोकांकडून पैसे आणि पॅड गोळा करण्याची मोहीम उघडली आणि अध्यक्षांवर फेसबुकवर अत्यंत झोंबणाऱ्या भाषेत टीका केली. एप्रिलमध्ये त्यांना अटक झाली, महिनाभर तुरुंगात राहावे लागले. त्यांची भाषा कोणाला आवडो न आवडो, पण पॅडसाठी पैसे नसलेल्या सरकारकडे बाईला तुरुंगात ठेवायला पैसे होते, हे मी विसरू शकत नाही.

टांझानियाची गोष्ट निराळी. तिथे २०१८ मध्ये पॅडवरील व्हॅट काढला. दुकानात किंमत उतरली नाही, फरक व्यापाऱ्यांच्या खिशात गेला. सरकारने व्यापाऱ्यांना जाब विचारायचा की नाही? त्याऐवजी २०१९ मध्ये कर पुन्हा लावला. आपल्याकडेही जुलै २०१८ मध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी गेला, तेव्हा आपल्या किराणा दुकानात पाकिटामागे किती रुपये कमी झाले ते आठवून पाहा. दक्षिण आफ्रिकेने एप्रिल २०१९ पासून आणि रवांडाने त्याच वर्षाच्या अखेरीस व्हॅट काढला. चांगलेच केले. पण जिच्या घरी मीठ-तेलाची ओढाताण आहे तिला कर गेला काय नि राहिला काय, पाकीट हाताबाहेरच असते.

म्हणून मला बाजारातल्या पाकिटापेक्षा तिथल्याच हातांनी बनवलेल्या वस्तूंचे मोल जास्त वाटते. इथिओपियाच्या तिग्रे प्रांतातील फ्रेवेनी मेब्राहतू यांनी अमेरिकेत रसायन अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि मायदेशी परतून धुऊन वापरता येणारे कापडी पॅड तयार केले. मेकेले शहरात २००९ मध्ये कारखाना काढला, त्यात कामाला बहुतेक बायाच. त्यांचा एक पॅड नीट वापरला तर दोन वर्षांपर्यंत चालतो. २०१९ मध्ये अमेरिकेतील सीएनएन वाहिनीने त्यांना त्या वर्षीचा नायकपदाचा मान दिला. पुढच्याच नोव्हेंबरात तिग्रेत युद्ध पेटले. शाळाच बंद पडल्या, मग शाळेत जायच्या सोयीचे काय बोलणार! युगांडात २०१० मध्ये एका खेड्यातून आफ्रीपॅड्स हा कापडी पॅडचा उद्योग सुरू झाला. कामुलीच्या अभ्यासात वापरलेले पॅड त्यांचेच. मकेरेरे विद्यापीठातील मोझेस मुसाझी यांनी पाणथळीतील पपायरस गवत आणि रद्दी कागद यांपासून स्वस्त पॅड काढले. रवांडात केळीच्या खोडाच्या धाग्यापासून पॅड बनतात.

कापड म्हणजे मागासलेपण, असे आपल्या मुलींनाही वाटू लागले आहे, तिथल्याही मुलींना वाटते. आरोग्याच्या दृष्टीने हे खरे नाही. स्वच्छ सुती कापड साबणाने धुऊन, कडक उन्हात पूर्ण वाळवून वापरले तर त्यात काही वाईट नाही. वाईट आहे ते लपवणे. लाजेपोटी कापड गादीखाली, पत्र्याच्या मागे, दुसऱ्या कपड्याखाली ओले वाळत घालतात, ते दमट राहते, तसेच पुन्हा घेतात, आणि मग खाज, जळजळ, पांढरे जाणे. म्हणजे कापडाचा दोष नाही, दोरीवर उघड वाळत घालू न देणाऱ्या लाजेचा आहे.

ही लाज येते कुठून? विटाळ हा शब्द आपल्या समाजाला कोणी समजावून सांगायला नको. पश्चिम युगांडातील गुरे पाळणाऱ्या लोकांमध्ये पाळीतल्या बाईने गाईचे दूध प्यायचे नाही, नाहीतर गाय आजारी पडेल, असे मानत आले. आपल्याकडे लोणच्याला हात लावायचा नाही म्हणतात, तिथे दुधाला. मात्र सगळ्याच जुन्या रीती टाकाऊ, असेही मी म्हणणार नाही. झांबियातील बेम्बा समाजात मुलगी वयात आली की 'चिसुंगु' नावाचा विधी होतो. वयस्क बाया गाणी, नाच आणि मातीच्या आकृत्या यांतून तिला बाईपणाच्या गोष्टी शिकवतात. आपल्या आज्यांच्या वेळचे न्हाण आठवावे असेच. मुलगी एकटी घाबरत बसत नाही, हे त्यातले चांगले. पण त्या सगळ्या शिकवण्याचा रोख संसाराकडे असतो. तू आता लग्नाजोगी झालीस, असे तेराव्या-चौदाव्या वर्षी गावाने ठरवले की शाळेचे दप्तर खुंटीवर जाते. तिथे कितीही पाकिटे पाठवा.

गरोदर राहिलेल्या मुलीला तर शाळेनेच हाकलून द्यायचे, असाही नियम काही देशांत होता. सिएरा लिओनने तो मार्च २०२० मध्ये काढला, टांझानियाने नोव्हेंबर २०२१ मध्ये. 

शिकवण्याचे काम कसे करावे याचा एक नमुना टांझानियातच आहे. मार्नी सोमर या संशोधक बाईंनी तिथल्या मुलींनाच आपापल्या पहिल्या पाळीची गोष्ट लिहायला सांगितली आणि त्या गोष्टी घेऊन स्वाहिली भाषेत छोटे चित्रांचे पुस्तक केले. डॉक्टरी भाषेतला धडा नाही, तर मी घाबरले, मला वाटले मी मरते, मग मोठ्या बहिणीने सांगितले, असे. तशी पुस्तके नंतर इतर देशांतही झाली. मला यात सर्वांत महत्त्वाचे हे वाटते की बोलणारी मुलगी त्याच गावची आहे. बाहेरून आलेल्या पाहुण्याने माईकवरून सांगितलेले मुली ऐकतात आणि विसरतात. आणि मुलग्यांना हे शिकवताना वर्गाबाहेर पाठवू नये. डाग दिसला की हसणारा मुलगाच पुढे मास्तर होतो, आमदार होतो.

आमदारांवरून आठवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये केनियाच्या सिनेट सदस्य ग्लोरिया ओर्वोबा पांढऱ्या सुटावर लाल डाग असताना संसदेत आल्या. सभागृहाच्या पोशाखाच्या नियमावर बोट ठेवून काही सदस्यांनी हरकत घेतली. कपडे बदलून या, असे सांगून त्यांना बाहेर पाठवण्यात आले. बोमेटच्या मुलीला वर्गाबाहेर काढले त्याला तेव्हा साडेतीन वर्षेही झाली नव्हती, आणि हे तर कायदा करणारे सभागृह.

रवांडातील एक गोष्ट मला खरोखर भावली. तिथल्या अनेक शाळांमध्ये मुलींसाठी वेगळी खोली ठेवलेली असते. तिला त्यांच्या भाषेत 'मुलीची खोली' असेच म्हणतात. आडवे व्हायला खाट, पाणी, साबण, पॅड, बदलायला कपडा, वेदनाशामक गोळी, आणि लक्ष ठेवायला एक शिक्षिका. पोट दुखले तर तासभर पडून पुन्हा वर्गात जाता येते, घरी जाऊन दिवस बुडवावा लागत नाही. पाकिटाचा फोटो काढणाऱ्यांनी असा फोटो काढावा.

आफ्रिकेतील मुलींसाठी देणगी मागणारे आता मोबाईलवरून आपल्या वस्तीतल्या घरांपर्यंतही येतात. द्यायची तर अवश्य द्या, गरिबाने दिलेल्या दहा रुपयांची किंमत मोठी असते. पण देण्याआधी विचारा: तुम्ही जिथे पॅड देता त्या शाळेच्या संडासाला आतून कडी आहे का? पाणी आत आहे की अंगणात? पुढच्या वर्षी तुम्ही गेल्यावर पॅड कोण देणार? त्या मुलींना कापड हवे, पॅड हवे की कप, हे त्यांना कोणी विचारले? आणि मुलींची खोली असेल, तर तिची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असते की मुलींना हात पुरेल अशा खिळ्यावर?